दोन टाक्या, एक काटा

सँड माउंटनच्या थोडं अलीकडे गाडीने दोन आचके दिले. काटा अर्ध्याच्या जरासा खाली होता. मी डॅशवरचं बटण दाबून पुढची टाकी लावली. इंजिन सावरलं, काटा पावावर येऊन थांबला, आणि तीन मैलांनी पुन्हा तेच आचके. ह्या वेळी मात्र गाडी कडेला घेईपर्यंतच चालली.

नेव्हाडातला हा यू. एस. 50 रस्ता. फॅलन ते ऑस्टिन 110 मैल, ऑस्टिन ते युरेका 70, युरेका ते ईली 77, आणि मधल्या पट्ट्यांत डोंगर, खाऱ्या मिठाचे माळ आणि सेजब्रशची झुडपं. 1986 साली 'लाइफ' मासिकाने ह्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. बाकासारख्या सलग सीटवर बायको त्या टोकाला आणि मधे आमची नऊ वर्षांची मुलगी. जुलै महिना, दुपारचे तीन. पाऊण तासाने गवताच्या गठ्ठ्यांचा एक ट्रक थांबला, चालकाने लाल कॅनमधून पाच गॅलन पेट्रोल ओतून दिलं आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. मुलगी तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. घरी पोचल्यावर तिने विचारलं, "बाबा, काटा खोटं बोलतो का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढचे तीन महिने लागले.

गाडी 1989 ची फोर्ड एफ-150. दोन दारं, मागे आठ फुटी हौदा, आणि 4.9 लिटरचं सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन. रीनो शहरात राहायला आल्यावर सरपण, माती, लाकूडसामान आणायला म्हणून फॅलनच्या एका निवृत्त शेतकऱ्याकडून घेतली. त्या पिढीच्या पिकअपना दोन टाक्या मिळत: एक केबिनच्या मागे, चॅसीच्या आत, आणि दुसरी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. पेट्रोल भरायची दोन्ही झाकणं चालकाच्या बाजूला, हौद्याच्या पत्र्यात. लांब हौद्याच्या गाडीला पुढची टाकी 19 गॅलनची आणि मागची 18.2 गॅलनची, एकूण 37.2. आपल्या हिशेबात सुमारे 141 लिटर. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा असतो, ब्रिटिश गॅलन 4.546 चा, त्यामुळे जुनं काही वाचताना कोणता गॅलन ते आधी बघावं. 1997 च्या नव्या रचनेपासून एफ-150 एकाच टाकीची झाली. जिथे पंप शंभर मैलांवर असतात तिथले लोक जुन्या गाड्या अजून जपतात त्याचं एक कारण ह्या टाक्या आहेत.

टाक्या दोन, पण डॅशवर काटा एकच. बटण पुढे दाबलं की पुढच्या टाकीतला पंप चालतो आणि काट्याला पुढची टाकी जोडली जाते, मागे दाबलं की मागची. इंजेक्शनच्या इंजिनात पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेलं परतीच्या नळीने टाकीत येतं. जिथून निघालं तिथेच ते परत जावं म्हणून चॅसीवर एक झडप असते. ती बिघडली तर एका टाकीतून घेतलेलं पेट्रोल दुसरीत जाऊन पडतं, आणि दुसरी आधीच भरलेली असेल तर झाकणातून बाहेर येतं.

माझा पहिला संशय ह्या झडपेवरच होता, आणि त्याला कारणही होतं. मागच्या टाकीवर गाडी चालवताना काटा चढायचा. टाकी भरून पंपावरून निघालो की तो 'ई'च्या, म्हणजे रिकाम्या टाकीच्या खुणेच्या, खाली पडलेला असायचा, आणि दोन-सव्वादोनशे मैलांत हळूहळू वर येत अर्ध्याच्या जवळ जायचा. चालवताना टाकी भरत जाते ह्याचा अर्थ पेट्रोल दुसरीकडून येतंय, असंच कोणीही म्हणेल. पुढच्या टाकीचा काटा वेगळाच वागायचा. 'एफ'च्या, म्हणजे भरलेल्या टाकीच्या खुणेच्याही पलीकडे जाऊन कितीतरी वेळ तिथेच, आणि पावाच्या खाली कधीच नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांनी बॉनेट उघडायच्याही आधी मला एक साधी परीक्षा सांगितली. दोन्ही टाक्या काठोकाठ भर, फक्त मागच्यावर साठ मैल जा, परत त्याच पंपावर त्याच नळाशी ये आणि दोन्ही पुन्हा भर. मी तसं केलं. मागच्या टाकीने 4.3 गॅलन घेतलं. पुढची थेंबभर पेट्रोल घेऊन भरली, आणि तिच्यातून काही सांडलंही नव्हतं. म्हणजे पुढच्या टाकीने काही दिलं नव्हतं आणि काही घेतलंही नव्हतं. झडप ठणठणीत होती. झडप बदलायला निघालो असतो तर पैसे आणि एक रविवार दोन्ही फुकट गेले असते.

आता राहिला काटा. काटा आणि टाकी ह्यांच्यात नेमकं काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट तरंगतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला विजेचा रोध बदलणारी तारेची गुंडाळी असते. ह्या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. पेट्रोलची पातळी बदलली की रोध बदलतो, आणि डॅशमधला गेज तो रोध वाचून काटा हलवतो. काट्याला गॅलन माहीत नसतात. त्याला फक्त ओहम, म्हणजे रोधाचं माप, कळतं.

आणि हे ओहम सगळ्या गाड्यांत सारखे नसतात, इथेच खरी गंमत आहे. 1987 पासूनच्या ह्या पिकअपमध्ये रिकामी टाकी म्हणजे सुमारे 16 ओहम आणि भरलेली म्हणजे 158. त्याच्या आधीच्या, 1986 पर्यंतच्या गाड्यांत नेमकं उलट होतं: रिकामी 73 आणि भरलेली 10. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या पिकअपमध्ये रिकामी 0 आणि भरलेली 90. बाहेरून सेंडर एकमेकांसारखेच दिसतात.

मेकॅनिक काकांनी आधी गेज तपासायला लावला. (मी त्यांना काका म्हणतो, त्याचा अर्थ मी त्यांना एकदा सांगितला, तो त्यांना आवडला.) टाकीजवळचं कनेक्टर सोडवून सेंडरची वायर आणि चॅसीचा स्वच्छ खरवडलेला पत्रा ह्यांच्यामध्ये 15 ओहमचा रेझिस्टर लावला. चावी फिरवली, काटा 'ई'वर. मग 150 ओहमचा लावला, काटा जवळजवळ 'एफ'वर. बटण दुसऱ्या बाजूला दाबून दुसऱ्या टाकीच्या वायरवरही तेच केलं. म्हणजे गेज, बटण आणि मधली वायरिंग निर्दोष. काटा खोटं बोलत नव्हता, त्याला खाली टाकीकडूनच चुकीचं सांगितलं जात होतं.

टाक्यांपर्यंत पोचायचे दोन मार्ग: टाकी खाली उतरवायची किंवा हौदा वर उचलायचा. आम्ही हौदा उचलला. झाकणांभोवतीचे स्क्रू काढून भरायच्या दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या, मागच्या दिव्यांची वायर सोडवली, बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजून ठेवलं होतं तरी दोन बोल्ट कापावेच लागले. चौघांनी मिळून हौदा मागच्या बाजूला लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवला. पस्तीस वर्षांची धूळ टाक्यांवर बोटभर साचली होती. ती आधी हवेने उडवली आणि मग पुसून घेतली, कारण सेंडर काढल्यावर तिथे उघडं भोक असतं. सेंडर धरून ठेवणारी कडी पितळी पंचाने ठोकत फिरवायची. लोखंडी पंच वापरला तर ठिणगी उडू शकते, आणि त्या क्षणी तुम्ही उघड्या पेट्रोलच्या वाफेवर वाकलेले असता. बॅटरीची वायर आम्ही आधीच काढली होती आणि काम अंगणात, मोकळ्या हवेत चाललं होतं. ह्यात कुणी घाई करू नये.

पुढच्या टाकीत कारण साधं निघालं. कनेक्टरमध्ये सेंडरच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता. मीटर लावला तर एकट्या त्या गंजाचाच पंचवीसेक ओहम रोध. ह्या गाडीत जास्त रोध म्हणजे जास्त पेट्रोल, त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी असतानाही गेजला 16 च्या जागी 41 दिसत होते आणि काटा पावाजवळ थांबत होता. भरलेली असताना 158 चे 183 होऊन तो 'एफ'च्या पलीकडे जात होता. मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 1986 पर्यंतच्या गाडीत असाच गंज चढला असता तर काटा रिकाम्याकडे झुकला असता आणि चालक लवकर पंपावर गेला असता. इथे गंज माणसाला निर्धास्त करतो. तुमची गाडी ह्या दोन्हींतल्या कोणत्या जातीची आहे हे माहीत असणं म्हणूनच गरजेचं आहे. सुटलेली किंवा तुटलेली वायर असेल तर ह्या जातीत काटा सरळ 'एफ'च्या पार जाऊन बसतो.

मागच्या टाकीतला सेंडर बाहेर काढला. तो नवाकोरा नव्हता, पण गाडीएवढा जुनाही नव्हता. फ्लोट हाताने खाली धरला: 73 ओहम. वर उचलला: 10. काका मीटरकडे बघत थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. कोणी तरी कधी तरी ह्या टाकीत आधीच्या पिढीच्या गाडीचा सेंडर बसवला होता. बसतो अगदी बरोबर. भरलेल्या टाकीत तो 10 ओहम सांगतो, ते आमच्या गेजला रिकाम्यापेक्षाही रिकामं वाटतं. टाकी आटत गेली की आकडा वाढत वाढत 73 वर जातो, आणि 16 ते 158 च्या पट्टीवर 73 म्हणजे साधारण चाळीस टक्के. सँड माउंटनपाशी काटा अर्ध्याच्या जरा खाली होता तो ह्यामुळे. ती जागा मागच्या टाकीचा तळ होती.

पिना साफ करून, योग्य सेंडर आणून, नवं रबरी सील घालून हौदा खाली ठेवला. त्या रात्री कराडला बाबांना फोन केला आणि मोठ्या समाधानाने सगळं सांगितलं. बाबांनी तीस वर्षं महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपाचा हिशेब सांभाळला आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "चार्ट कुठाय तुझ्याकडं?"

मी लहान असताना सकाळी कधी कधी त्यांच्याबरोबर पंपावर जायचो. विक्री सुरू व्हायच्या आधी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून लांब डीप रॉड आत सोडायचा, टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावलेली, पाणी लागलं तर तिचा रंग बदलतो. रॉड बाहेर काढून ओली रेघ बघायची. त्या रेघेवर सेंटिमीटर असतात, लिटर नसतात. टाकी आडव्या नळकांड्यासारखी. तळाच्या दहा सेंटिमीटरांत जेवढं मावतं त्याच्या कितीतरी पट मधल्या दहा सेंटिमीटरांत मावतं. म्हणून प्रत्येक टाकीचा स्वतंत्र चार्ट, एवढे सेंटिमीटर म्हणजे एवढे लिटर. बाबा बोट फिरवून आकडा काढायचे आणि वहीत लिहायचे. "रॉड बरोबर असून भागत नाही रे," ते म्हणाले, "चार्ट त्याच टाकीचा लागतो. तुझ्या टाक्या काय चौकोनी डबे आहेत काय?"

नव्हत्याच. प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला, जागा द्यायला बाजू कापलेली, कोपरे गोल, तळाला खळगा. शिवाय फ्लोटची दांडी सरळ वर-खाली होत नाही, कमानीत फिरते. अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं मानायला काहीच आधार नव्हता.

मोजायला माझ्याकडे सगळ्यांत अचूक साधन होतं ते पेट्रोल पंपच. इथे वजनमापे खातं पाच गॅलनच्या मापाने पंप तपासतं आणि त्यात फार तर सहा घन इंचांचा फरक चालतो. गॅलन 231 घन इंचांचा, तेव्हा पाच गॅलनमागे सुमारे 98 मिलिलिटर. गाडीतली कुठलीही गोष्ट इतकी नेमकी नाही.

आधी मागची टाकी संपवली. घराजवळच्याच रस्त्यावर, पुढची काठोकाठ भरलेली असताना, इंजिन अडखळेपर्यंत. मग पुढचीचं तसंच. हे प्रत्येक टाकीचं मी एकदाच केलं, कारण टाकीतल्या पंपाला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देतं, कोरडा चालवला तर तो झिजतो. त्यानंतर पहाटे साडेपाचला, पंप रिकामा असताना, दोन गॅलन भरायचं, नळ जागेवर टांगायचा, गाडी बाजूच्या सपाट जागेवर न्यायची, चावी फिरवून काटा स्थिर होऊ द्यायचा, फोटो घ्यायचा, परत पंपावर. ह्या गेजमध्ये पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून एक छोटं सर्किट आहे, त्यामुळे काट्याला वेळ द्यावा लागतो. तिथल्या रात्रपाळीच्या माणसाने दुसऱ्या पहाटे स्वतःहून विचारलं, मी समजावलं, आणि तिसऱ्या पहाटे तो आकडे लिहून घ्यायला बाहेर आला.

पुढच्या टाकीने कोरडेपणापासून काठापर्यंत 18.1 गॅलन घेतलं. पुस्तकातल्या 19 पैकी उरलेलं तळाशी, पंपाच्या तोंडाखाली असतं आणि इंजिनाला कधीच मिळत नाही. मागच्या टाकीने 17.3 घेतलं. म्हणजे प्रवासाच्या हिशेबात माझ्याकडे 37.2 गॅलन नाहीत, 35.4 आहेत. गाडी गॅलनला 14 मैल देते, तेव्हा ह्या एका फरकाचे 25 मैल होतात.

मग आलेख कागदावर दोन रेषा काढल्या. पुढच्या टाकीचा काटा 'ई'वर आला की अजून 1.8 गॅलन मिळतं, पावावर 5.1, अर्ध्यावर 9, पाऊणवर 12.6, 'एफ'वर 15.9. त्याच्या वरचे 2.2 गॅलन भरताना काटा हलतच नाही, फ्लोट वरच्या टोकाला टेकलेला असतो. काठोकाठ भरून निघालं की पहिले तीस मैल काटा ढिम्म राहतो, तो ह्याचमुळे. मागच्या टाकीचे आकडे वेगळे: 'ई'वर 1.2, पावावर 4.3, अर्ध्यावर 8.1, पाऊणवर 12.4, 'एफ'वर 15.6. म्हणजे एकच काटा, एकाच जागी, अर्ध्या रेघेवर, आणि बटण कुठे आहे त्यावरून जवळजवळ एक गॅलनाचा फरक. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. मुलीने तो तक्ता सुवाच्य अक्षरात, मराठी आकड्यांत उतरवला आणि सन व्हायझरच्या मागे चिकटवला. वरती तिने 'चार्ट' असं लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. फॅलनला सकाळी दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, बटण पुढच्या टाकीवर. सँड माउंटन मागे गेलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण बायकोने काट्याकडे पाहिलं हे मला दिसलं. ऑस्टिनला काटा अर्ध्याच्या थोडा वर. मुलगी चार्टवर बोट ठेवून सांगत होती, दहा गॅलन आहे. युरेकाला, 180 मैलांवर, काटा बरोबर पावाच्या रेघेवर टेकला. चार्टप्रमाणे 5.1 उरलेलं. ईलीपर्यंतच्या 77 मैलांना साडेपाच लागणार, म्हणून तिथेच बटण मागच्या टाकीवर टाकलं. जुलैच्या आधी मी ते पुढच्या टाकीवरच ठेवून निघालो असतो.

ईलीला पोचल्यावर दोन्ही टाक्या भरल्या. चार्टच्या हिशेबाने पुढच्या टाकीने 13 गॅलन घ्यायला हवं होतं. पंपाने 13.1 दाखवलं. मुलीने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि आजोबांना फोन लावायला सांगितला. कराडला पहाट उजाडायची होती, पण बाबा जागे असतात.

"एक दशांश गॅलन म्हणजे किती रे?" त्यांनी विचारलं.

"तीनशे ऐंशी मिली, बाबा."

"बरंय. आणि भरलंस कधी, दोन्हीकडं? सकाळी का दुपारी?"

फॅलनला सकाळी सातला, गारठ्यात. इथे दुपारी, उन्हात. दहा अंश सेल्सिअस तापमान चढलं की पेट्रोल जवळपास एक टक्का फुगतं, आणि तेरा गॅलनचा एक टक्का म्हणजे 0.13. मी हे मोठ्याने बोललो. मुलीने पट्टी मागितली आणि वहीत तापमानासाठी आणखी एक रकाना आखला.